ठरलेली मजुरी आणि न्यायाची मजुरी

दसरा झाला म्हणजे आपल्या वऱ्हाडात कापूस फुटू लागतो. पऱ्हाटीची बोंडे उमलतात, आणि अमरावती व अकोला ह्या जिल्ह्यांतील गावोगावच्या बाया पोटाशी ओटी बांधून वावरात उतरतात. ह्या दिवसांत प्रत्येक गावी एक प्रश्न विचारिला जातो : औंदा वेचाईचा दर काय? किलोमागे अमुक रुपये असे ठरते. मालक हो म्हणतो, वेचणारी हो म्हणते, आणि काम सुरू होते. ठरले तेवढे दिले म्हणजे न्याय झाला, अशी दोघांचीही समजूत असते. ही समजूत खरी आहे काय, ठरलेली मजुरी व न्यायाची मजुरी ह्या एकच आहेत काय, एवढाच विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न एका थोर धर्माधिकाऱ्याने आपल्या सर्व मंडळ्यांस लिहिलेल्या पत्रात उघडपणे हाती घेतला होता. रोमन कॅथलिक मंडळीचे मुख्य, पोप तेरावे लिओ, ह्यांनी १५ मे १८९१ रोजी ते पत्र प्रसिद्ध केले. त्याच्या आरंभीच्या लॅटिन शब्दांवरून त्यास 'रेरुम नोवारुम' असे म्हणतात. त्या काळी युरोपात गिरण्या व खाणी वाढल्या होत्या, आणि स्त्रिया व मुलेसुद्धा त्यांत दिवसभर राबत होती. एका पक्षाचे म्हणणे असे की, मालक व मजूर ह्यांनी राजीखुशीने दर ठरविला म्हणजे तिसऱ्याने त्यात बोलू नये. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, खाजगी मालमत्ताच नाहीशी करावी म्हणजे अन्याय संपेल. लिओ ह्यांनी दोन्ही नाकारिली. मनुष्याने स्वतःच्या कष्टाने मिळविलेले वावर व घर त्याचेच असावे, असे त्यांनी ठासून सांगितले. परंतु त्याबरोबर हेही सांगितले की, करारापेक्षा वरचा असा एक न्याय आहे. काटकसरीने व नेकीने राहणाऱ्या कामकऱ्याचा निर्वाह चालेल एवढी मजुरी त्यास मिळाली पाहिजे; आणि उपासमारीच्या भीतीने त्याने त्याहून कमी पत्करली, तर ती राजीखुशी नव्हे, ती जबरदस्तीच होय. पुढे १९३१ साली पोप अकरावे पायस ह्यांनी ह्या पत्राच्या चाळिसाव्या वर्षी दुसरे पत्र लिहून त्या मजुरीत कामकऱ्याच्या कुटुंबाचाही निर्वाह धरला. २०२५ साली निवडून आलेल्या पोपांनी 'चौदावे लिओ' हे नाव घेतले, तेही ह्याच पत्राची आठवण ठेवून घेतल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

कोणी वाचक येथे म्हणेल, "पाळकसाहेब, आपण प्रॉटेस्टंट लोक, रोमच्या पत्राशी आपणांस काय कर्तव्य?" शंका योग्य आहे. आपण पोपाचा अधिकार मानीत नाही. परंतु कोणाचेही म्हणणे ज्या मापाने मोजावे ते माप आपल्या घरी आहे, ते पवित्र शास्त्र होय. त्या मापाने हे म्हणणे मोजून पाहू.

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मोशे सांगतो की, गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. त्याचे कारणही तो देतो : मजूर गरीब आहे व त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला आहे. कराराची मुदत काय ठरली होती, हे मोशे विचारीत नाही. तो मजुराच्या चुलीकडे पाहतो. यिर्मया संदेष्टा बाविसाव्या अध्यायात राजाचा धिक्कार करितो, कारण त्याने शेजाऱ्याला फुकट राबवून आपला वाडा बांधिला. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगतो की, रोखून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, आणि कापणी करणाऱ्यांची हाक सेनाधीश प्रभूच्या कानी पोहोचते. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला हा देवाच्या कृपेचा दाखला आहे, त्याचे दरपत्रक करू नये हे खरे. तरी त्या धन्याने दिवस कलताना आलेल्यांसही पूर्ण रोज दिला, आणि एका रोजावर एका घराची भाकर अवलंबून असते, हे आपल्या प्रभूस ठाऊक होते. तेव्हा मजुरी देताना देणाऱ्याने घेणाऱ्याच्या घरापर्यंत नजर पोहोचवावी, ही शिकवण रोमची म्हणून टाकून देता येत नाही. ती आपल्याच शास्त्रातली आहे.

आता पुन्हा वावरात येऊ. वेचाई वजनावर मिळते. पहिल्या वेचणीस बोंडे भरगच्च फुटलेली असतात, हात भराभर चालतो, आणि सायंकाळी वजन चांगले भरते. शेवटच्या वेचणीस झाड वाळलेले, बोंडे विरळ व बारीक, आणि वाळल्या टोकांनी बोटे ओरबाडून निघतात. तेवढेच तास, तेवढेच ऊन, परंतु वजन निम्म्यावर येते. दर तोच राहिला तर त्या बाईचा रोज निम्मा झाला. वचन मोडले नाही, काट्यात खोट नाही, आणि तरीही अन्याय झाला! ठरलेली मजुरी व न्यायाची मजुरी ह्यांतील अंतर ह्याहून सोप्या रीतीने दाखविता येणार नाही. जे समंजस कास्तकार शेवटच्या वेचणीस दर वाढवून देतात किंवा रोजाने मजुरी देतात, त्यांनी लिओ ह्यांचे पत्र वाचले नसेल. परंतु त्यातील न्याय ते पाळीत आहेत.

परंतु येथेच खरी अडचण उभी राहते, आणि ती टाळून उपदेश करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वऱ्हाडचा कास्तकार इंग्रजी गिरणीचा मालक नव्हे. चार-पाच एकर कोरडवाहू जमीन, डोक्यावर सोसायटीचे व सावकाराचे कर्ज, आणि पावसाचा भरवसा नाही, अशी पुष्कळांची स्थिती आहे. त्याच्या मालाचा भाव तो ठरवीत नाही. १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेना व आपल्याकडचा भाव एकदम चढला; युद्ध संपताच तो उतरला. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसास 'ऊमरा' म्हणत. उमरावतीचे नाव तेथवर पोहोचले, परंतु भाव ठरविण्याची सत्ता उमरावतीस आली नाही. १९७२ साली महाराष्ट्र सरकारने एकाधिकार खरेदी सुरू केली. तीही पुढे टिकली नाही. कास्तकारांच्या आत्महत्यांनी देश हादरला तेव्हा २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले, आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम व वर्धा ह्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने मध्यम धाग्याच्या कापसास क्विंटलमागे ७,७१० व लांब धाग्याच्या कापसास ८,११० रुपये हमीभाव ठरविला. परंतु ओलावा शेकडा ८ च्या वर गेला की भाव कापतात, आणि १२ च्या वर गेला की सरकारी खरेदीत माल घेतच नाहीत. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात परदेशी कापसावरील शेकडा ११ आयातकर वर्षअखेरपर्यंत उठविण्यात आला. असा हा कास्तकार विचारतो, "मलाच न्याय मिळत नाही, तर मी दुसऱ्यास कोठून देऊ?"

ह्या प्रश्नाचे उत्तर १९३१ च्या त्या पत्रात आहे, आणि ते जणू वऱ्हाडकडे पाहून लिहिल्यासारखे वाटते. त्याचा आशय असा की, एखाद्या धंद्यावर अन्यायाचे ओझे लादले गेल्यामुळे, किंवा त्याचा माल योग्य भावापेक्षा कमी भावाने विकावा लागल्यामुळे, तो धंदा पुरी मजुरी देऊ शकत नसेल, तर ज्यांनी त्याला त्या स्थितीस आणिले त्यांच्या माथी मोठा दोष आहे. कारण मजुराची भाकर खरोखर तेच हिरावून घेतात. १९६१ साली पोप तेविसावे जॉन ह्यांनी आपल्या पत्रात शेतीकडे झालेल्या दुर्लक्षाविषयी, शेतमालाच्या भावाविषयी, पीककर्जाविषयी, विम्याविषयी व सहकारी संस्थांविषयी पुष्कळ लिहिले. आणि १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी सांगितले की, मजुराचा मालक एकटा नसतो. समोर उभा असलेला एक मालक, आणि ज्यांच्या निर्णयांनी त्या मालकाचे हात बांधले जातात ते सरकार, व्यापारी व मोठमोठ्या संस्था हे आडचे मालक. ह्या विचाराने पाहिले म्हणजे वेचणाऱ्या बाईचे मालक जिनिंगमध्येही आहेत, मुंबईत व दिल्लीतही आहेत. आणि अमरावतीच्या दुकानात स्वस्तात स्वस्त सदरा मागणारे आपणही त्यांच्यापैकीच आहो.

तर मग कास्तकार मोकळा झाला काय? नाही. दोषाचा मोठा वाटा वर गेला, म्हणून खालचा वाटा शून्य होत नाही. वरून आलेले ओझे प्रत्येक जण आपल्या खालच्यावर टाकितो. व्यापारी कास्तकारावर, कास्तकार मजुरावर, मजूर पुष्कळदा आपल्या बायकोवर. सर्वांत शेवटी जी उभी असते तिला ते टाकावयास कोणीच उरत नाही. ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य हे की, त्याने ते ओझे सगळेच्या सगळे पुढे ढकलू नये. आपल्या खांद्याला पेलेल तेवढे आपल्याजवळ ठेवून घ्यावे. एकमेकांची ओझी वाहावी, हे पौलाने गलतीकरांस लिहिले, ते केवळ आजारपणाच्या व दुःखाच्या ओझ्यांविषयी नव्हे.

ह्यातील पुष्कळ गोष्टींस पैसा लागत नाही. काटा वेचणारीच्या समोर लावावा, आणि वजन तिला वाचता येत नसेल तर तिच्या मुलीकडून वाचवून घ्यावे. हिशेब आठवड्याच्या बाजारापर्यंत लांबवू नये. ज्याच्याजवळ आहे त्याने त्याच सायंकाळी द्यावा. निंदणाला बाई व पुरुष एकाच ओळीत बसले, तर दोघांस एकच रोज असावा. गुढीपाडव्यास सालदार ठेविताना दिलेली उचल ही मदत असावी, दावे नसावे. आणि शेवटची वेचणी झाल्यावर राहिलेला सरवा गोरगरिबांस वेचू द्यावा; कारण बवाजाच्या शेतात रूथने वेचला तो सरवा कोणाची भीक नव्हती, तो नियमशास्त्राने दिलेला तिचा हक्क होता.

कित्येक जण म्हणतात की, हे सर्व राजकारण आहे. मंडळीने शुभवर्तमान सांगावे. परंतु ज्या शास्त्रात तारणाचे वचन आहे त्याच शास्त्रात खोट्या मापांचा धिक्कार आहे. शिवाय ह्या बाबतीत आपल्या भूमीची साक्षही ऐकण्यासारखी आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात येत ते हातात झाडू घेऊन; आधी गाव झाडीत व मग भाकर घेत. ज्या कामास लोक हलके म्हणत, त्या कामाला ह्या पुरुषाने उभ्या महाराष्ट्रात मान मिळवून दिला. ते आपल्या मंडळीचे नव्हते. परंतु श्रमास मान आहे व श्रमाची भाकर ही भीक नव्हे, हे वऱ्हाडच्या लेकरांस शिकविण्यासाठी देवाने त्यांचाही उपयोग केला, असे मानण्यास मला संकोच वाटत नाही.

आता शेवटची व सर्वांत जवळची गोष्ट. मालक म्हटला की आपण वावराकडे बोट दाखवितो. परंतु मंडळी स्वतः मालक आहे. प्रार्थनामंदिर झाडणारी बाई, आवाराचा राखणदार, शाळेतील शिपाई, वस्तिगृहात स्वयंपाक करणारी विधवा, ही सर्व आपली माणसे आहेत. त्यांस आपण जे देतो त्यात त्यांचे घर चालते काय? की "ही प्रभूची सेवा आहे" असे म्हणून आपण त्यांच्या पगारातच काटकसर करितो? सेवेचे नाव घेऊन मजुरी कमी करणे हे करारावर बोट ठेवून कमी करण्यापेक्षा अधिक वाईट आहे, कारण त्यात देवाचे नाव गोविले जाते. हंगामाच्या उपकारस्तुतीच्या दिवशी आपण वेदीपुढे कापूस, ज्वारी व तूर आणून ठेवितो. त्या ढिगात जर कोणाच्या मजुरीचा अंश राहिला असेल, तर ते आपले दान नव्हे. ते ज्याचे त्यास आधी देऊन मग यावे.

म्हणून प्रत्येक गावच्या पंचांस माझी विनंती आहे. वेचणी सुरू होण्यापूर्वी मंडळीची एक सभा बोलवावी. तीत कास्तकार बंधू असावे, मजूर भगिनी असाव्या, आणि मंडळीचा हिशेब ठेवणाराही असावा. प्रथम भगिनींस विचारावे की, एका दिवसाच्या मजुरीत त्यांच्या घरी काय येते व काय राहून जाते. त्या बोलत असताना कोणी मध्ये उत्तर देऊ नये. मग कास्तकारांनी आपला खर्च व आपला भाव सर्वांपुढे मांडावा. त्यानंतर प्रार्थना करून दर ठरवावा, आणि मंडळीच्या नोकरांचा पगारही त्याच बैठकीत ठरवावा. हमीभावासाठी तहसिलीवर जाण्याची वेळ आली, तर कास्तकार व मजूर ह्यांनी एकाच अर्जावर सह्या कराव्या. अशा रीतीने ठरलेली मजुरी कदाचित पुरेशी होणार नाही. परंतु ती ठरविताना कोणाच्या भुकेचा फायदा घेतलेला नसेल, आणि तेथून न्यायाच्या मजुरीकडे जाण्याचा मार्ग मोकळा होईल.