सल्ला विचारणाऱ्याची जबाबदारी

दुसऱ्याचें दुःख ऐकून त्यास वाट दाखविण्याचें काम जे अद्याप शिकत आहेत, त्यांस उमेदवार समुपदेशक म्हणतात. त्यांस आरंभींच असें शिकवितात कीं, मन द्विधा झाल्यास एकट्यानें निर्णय करूं नये. आपल्या कामावर देखरेख करणाऱ्या वडील समुपदेशकास विचारावें. नियम चांगला आहे. नवशिक्यास रडणाऱ्याची दया येते, आपल्या अज्ञानाची भीति वाटते, आणि ह्या दोहोंमध्यें योग्य काय तें दिसेनासें होतें. परंतु वाचकहो, चार जणांस विचारल्यानें निर्णय आपोआप शुद्ध होतो काय?

अमेरिकेंतील एक गोष्ट अशा उमेदवारांस पुष्कळ ठिकाणीं सांगितली जाते. १९६९ सालीं बर्कले येथें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयांत एका विद्यार्थ्यानें आपल्या मानसोपचारकास सांगितलें कीं, मी एका मुलीस ठार मारणार. ती मुलगी कोण हें सहज ओळखतां येण्यासारखें होतें. हा उपचारक नवशिका नव्हता, आणि तो एकटाही राहिला नाहीं. त्यानें दोघां सहकाऱ्यांचा विचार घेतला. त्यांची संमति पडल्यावर विद्यापीठाच्या पोलिसांस पत्र लिहिलें. पोलिसांनीं विद्यार्थ्यास धरलें, पण तो शहाण्यासारखा बोलतो असें पाहून, मुलीपासून दूर राहण्याचें वचन घेऊन सोडून दिलें. पुढें विभागाच्या प्रमुखानें तें पत्र परत मागविलें व आणखी कांहीं करूं नये असें ठरविलें. इतक्या जणांनीं विचार केला. पण तातियाना तारासॉफ नांवाच्या त्या मुलीस किंवा तिच्या आईबापांस कोणीं एक शब्दही कळविला नाहीं. २७ ऑक्टोबर १९६९ रोजीं त्या विद्यार्थ्यानें तिचा खून केला. आईबापांनीं दाद मागितली, तेव्हां १९७६ सालीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, ज्याच्या जिवावर बेतलें आहे त्याच्या रक्षणासाठीं योग्य काळजी घेणें हें उपचारकाचें कर्तव्य आहे, आणि गुप्ततेची सबब तेथें पुरत नाहीं.

येथें सल्ल्याची उणीव नव्हती. प्रत्येकानें आपल्या वांट्याचें ओझें पुढच्याच्या हातीं दिलें, आणि शेवटच्यानें तें खालीं ठेविलें. सामाईक विहिरीचा कठडा ढासळला म्हणजे गांवांत असेंच होतें. ठाऊक सर्वांस असतें.

दुसरी अडचण विचारणाऱ्याच्या जिभेंत आहे. १९९६ सालीं अमेरिकेंत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मानसोपचार शिकणाऱ्या १०८ उमेदवारांस विचारलें, तेव्हां बहुतेक सर्वांनीं कबूल केलें कीं, आपण आपल्या वडिलांपासून कांहीं ना कांहीं लपविलें आहे. ह्यांत नवल तें काय? सल्ला देणारा तोच, आणि पास-नापास करणाराही तोच. मग उमेदवार आपली चूक वगळून, विंचरून सारखी केलेली हकीकत सांगतो, आणि सल्ला त्या हकीकतीस मिळतो. खऱ्या माणसास मिळत नाहीं. कित्येक तर मन आधींच ठरवून, होय म्हणेल अशाच मित्राकडे जातात. त्यास आम्ही सल्ला म्हणत नाहीं.

आपल्या देशांतील प्रसंग घ्या. समजा, तेरा वर्षांची एक मुलगी उमेदवार बाईस म्हणते, “ताई, मामा मला त्रास देतो, कोणास सांगूं नका.” बालकांस लैंगिक अत्याचारापासून वांचविण्यासाठीं केलेला २०१२ चा कायदा सांगतो कीं, ज्यास असें कळलें त्यानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे, न कळविणारास शिक्षा आहे. वडील समुपदेशक “थोडें थांबा” म्हणाले, तरी बाईची सुटका नाहीं. म्हणजे कळवावें कीं नाहीं, हा प्रश्न उरतच नाहीं. पण मुलीस तें कोणत्या शब्दांनीं सांगावें, आज रात्रीं ती कोणाच्या घरीं निजेल, आईस आधीं विश्वासांत घ्यावें कीं आईच मामाच्या बाजूची आहे, हें एकट्या नवशिकीस सुचणें कठीण. येथें वडिलांचा अनुभव सोन्याच्या मोलाचा ठरतो. आमच्या प्रचारकांच्या ओसरीवरही अशीं गाऱ्हाणीं येतात. म्हणून हें येथें लिहिलें.

मुलगी मात्र विचारील, “ताई, तुम्ही कोणास सांगणार नव्हतां ना?” पहिल्याच भेटींत बाईनें म्हटलें असेल कीं, “मी अजून शिकत आहें, तुझें बोलणें माझ्या वडील बाईंपाशीं काढीन, आणि तुझ्या जिवास धोका दिसला तर गप्प बसणार नाहीं,” तर तिला त्या मुलीच्या डोळ्यांकडे पाहून उत्तर देतां येईल.