आधी ते कुलूप काढा

शाळेतल्या मुलींच्या संडासाचा विषय निघाला की शाळा व्यवस्थापन समितीतले तुम्ही सगळे खाली बघता. आज खाली बघायचं नाही, ऐकायचं.

दोन स्वच्छतागृहं आहेत असं अहवालात लिहिता. एकाला कुलूप आहे, आत मोडकी बाकं नि पोषण आहाराची पातेली कोंबली आहेत. दुसऱ्याच्या दाराला आतून कडी नाही. पोरगी आत गेली की मैत्रीण बाहेरून दार ओढून धरते. नळ आहे, त्याला पाणी नाही. मग या पोरी काय करतात, विचारलंत कधी? घरून निघताना पाणी पीत नाहीत. शाळेत पीत नाहीत. साडेदहापासून पाचपर्यंत लघवी दाबून बसतात. पुढं जळजळ, ओटीपोटात कळा, ताप. आणि तुम्ही सांगता, उन्हाचा त्रास झाला असेल!

पाळीच्या दिवसांत सातवी-आठवीच्या मुली घरी राहतात. पॅड बदलायला आडोसा नाही, टाकायला झाकणाचा डबा नाही, हात धुवायला साबण नाही. दर महिन्याला असे तीन-चार दिवस बुडाले की गणित मागं पडतं. मग घरचे म्हणतात, हिचं डोकं चालत नाही. आणि नववीला तालुक्याला पाठवायच्या वयात तिच्यासाठी स्थळं बघायला लागतात. तुमच्या डोळ्यांदेखत चाललंय हे.

पैसे नाहीत म्हणू नका. मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं हवीतच, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घालून दिली होती. समग्र शिक्षा योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानातले किमान १० टक्के स्वच्छतेवरच खर्चायचे असतात. सरपंच, पंधराव्या वित्त आयोगात पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित निधी होता, त्यातला किती शाळेच्या वाट्याला आला? प्रवेशद्वाराला कमान झाली, तिच्यावर तुमची नावंही झाली. एका कडीला किती पैसे लागतात हो?

या समितीत निम्म्या बायका असल्याच पाहिजेत. कागदावर आहेत. त्यांच्या सह्या घरी वही पाठवून घेता आणि निर्णय इथं पुरुष घेतात. त्यांना बोलवा. दार कुठं हवं, पाणी कुठं हवं, त्या सांगतील.

सुतार उद्या आला पाहिजे, प्लंबर परवा. सफाईला पगारी माणूस ठेवा, पोरींच्या हातात झाडू देऊन संडास धुऊन घेतलेला मला चालणार नाही. ठराव आत्ता लिहा, तारीख घाला. मी वाचून सही करीन, मगच बैठक उठेल.