आठ दिवस आधी सांगितलेलं ग्रहण

उत्तर सयाममध्ये, पिंग नदीच्या काठी, चिआंग माई नावाचं नगर होतं. नगराला तट होता, आत राजवाडा होता आणि जागोजागी विहार होते. 1867 च्या एप्रिल महिन्यात तिथं एक अमेरिकन कुटुंब येऊन उतरलं. नवरा प्रेस्बिटेरियन मिशनचा पाद्री, डॅनियल मॅकगिल्व्हरी. बायको सोफिया, बँकॉकमध्येच लहानाची मोठी झालेली. बरोबर दोन लहान मुलं. बँकॉकहून नावेत बसून, खडकांतून वाट काढत इथवर यायला त्यांना तीन महिने लागले होते.

राहायला घर नव्हतं. पूर्वेच्या वेशीबाहेर एक धर्मशाळा होती, कुणीतरी पुण्य लागावं म्हणून बांधलेली. तिथंच त्यांनी बिऱ्हाड मांडलं आणि वर्षभराहून जास्त काढलं. दार लावून घ्यावं असं काही तिथं नव्हतंच. लोक सकाळी येऊन बसत ते संध्याकाळीच उठत. ही माणसं काट्यानं घास कसा उचलतात, पोरांना कसं निजवतात, सगळं बघत. ताप आलेल्याला क्विनाइन मिळे, मुलांना देवीची लस टोचून मिळे. लोक पाद्र्याला फो ख्रू म्हणू लागले, म्हणजे गुरुबाबा.

एक दिवस खोकल्याचं औषध मागायला नान इंता आला. तिकडे जो पूर्ण भिक्षू होऊन मग संसारात परततो, त्याच्या नावाआधी नान लावतात. हा नान इंता धर्मग्रंथ शिकलेला, विहारात मान असलेला माणूस होता. औषध घेतलं, पण तो उठला नाही. तुम्ही नवा धर्म सांगता असं ऐकलंय, तो काय आहे, असं त्यानं विचारलं.

त्या दिवसापासून तो येत राहिला. पटलं नाही तर पटलं नाही म्हणायचा. घरी जाऊन विचार करायचा आणि नवी शंका घेऊन परत यायचा. गुरुबाबांनीही घाई केली नाही. बोलता बोलता गोष्ट पृथ्वीवर आली, मेरू पर्वतावर आली, राहूवर आली. राहू सूर्याला गिळतो म्हणून ग्रहण लागतं, हे नान इंताच्या ग्रंथांत होतं. आपल्याकडच्या आजीच्या गोष्टीतही तेच होतं. गुरुबाबा म्हणाले, चंद्राची सावली पडते म्हणून ग्रहण लागतं, आणि म्हणूनच ते आधी सांगता येतं. मग त्यांनी तारीखच सांगितली, 18 ऑगस्ट 1868. तेव्हा त्या दिवसाला आठवडा बाकी होता. माझ्यावर विसंबू नका, त्या दिवशी स्वतः बघा, असा त्या सांगण्याचा अर्थ होता.

नान इंतानं वाट पाहिली. तो दिवस उजाडला. सकाळी त्याच ग्रहणाची सावली आपल्या कोकणावरून, विजयदुर्गावरून गेली होती. दुपारच्या सुमारास ती सयामवर पोचली. चिआंग माईत सूर्य पूर्ण झाकला नाही, पण ठरल्या दिवशी, सांगितल्याप्रमाणे झाकला. अशा वेळी पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे कवडसे गोल राहत नाहीत. एकेक कवडसा चंद्रकोरीसारखा होतो, आणि झाडाखाली उभ्या माणसाच्या हातावर, पावलांवर शेकडो कोरी हलू लागतात. आकाशाकडे न बघताही कळतं की वर काहीतरी चाललं आहे.

इथं एक सांगायला हवं. हे गणित काही एका धर्माच्या मालकीचं नव्हतं. त्याच सयामचा राजा मोंगकुट वर्षानुवर्षं बौद्ध भिक्षू होता आणि त्यानंही याच ग्रहणाचं गणित स्वतः मांडलं होतं. ते बघायला तो दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेला, तिथं त्याला ताप भरला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला तो गेला.

नान इंता मात्र ग्रहण सुटल्याबरोबर धावत बाप्तिस्मा घ्यायला आला नाही. ग्रंथातली एक गोष्ट चुकली, तर बाकीच्या किती खऱ्या, हा प्रश्न त्याला झोपू देईना. गुरुबाबांची पुस्तकं दक्षिणेच्या सयामी लिपीत होती, उत्तरेची लिपी वेगळी. एवढा शिकलेला माणूस, पण पुन्हा मुळाक्षरं गिरवायला बसला. 3 जानेवारी 1869 ला त्यानं बाप्तिस्मा घेतला. चर्चची स्थापना आदल्या वर्षीच झाली होती, पण तोवर त्यात नुसते मिशनरीच होते. त्या मातीतला पहिला माणूस हा. पुढच्या काही महिन्यांत आणखी सहाजण आले.

चिआंग माईचा राजा कविलोरोत याला हे सहन झालं नाही. सप्टेंबरमध्ये त्यानं त्या सहांपैकी दोघांना धरून आणवलं, नोई सुन्या आणि नान चाई. तिकडच्या रीतीप्रमाणे त्यांचे कान टोचलेले होते. त्या भोकांतून दोऱ्या ओवल्या आणि वर घराच्या तुळईला ताणून बांधल्या. मान खाली घालायची सोय उरली नाही. रात्रभर ते तसेच होते. सकाळी त्यांना रानात नेलं आणि सोट्यांनी मारून टाकलं.

गावात चिडीचूप झालं. गुरुबाबांचे नोकर पळाले, येणारेजाणारे थांबले. जी धर्मशाळा कधी रिकामी नसे, तिचे दिवस आठवत गुरुबाबांच्या कुटुंबानं कित्येक आठवडे एकट्यानं काढले. नान इंतालाही जीव घेऊन पळावं लागलं.

वर्षाच्या शेवटी बँकॉकहून सरकारी अधिकारी आला. भर दरबारात राजा म्हणाला, त्या दोघांनी तटासाठी लाकडं दिली नाहीत म्हणून शिक्षा केली. गुरुबाबा उभे राहिले आणि म्हणाले, हे खरं नाही. तेव्हा राजानंही आडपडदा ठेवला नाही. धर्म बदलला म्हणूनच मारलं, आणखी कुणी बदलला तर त्यालाही मारीन, असं तो बोलला. पुढच्या वर्षी बँकॉकहून परतताना तो आजारानं वारला.

पळून गेलेला नान इंता परत आला. पुन्हा येऊन बसू लागला. मला वाटतं, इतक्या दहशतीत तो टिकला, कारण त्याच्यावर काही लादलेलं नव्हतं. जे होतं ते त्यानं स्वतः तपासून घेतलेलं होतं. आणि तपासून घ्यायची ती सवय त्याला कुणी गोऱ्या माणसानं लावली नव्हती. ती त्यानं विहारातूनच आणली होती.

1878 मध्ये त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. तिथलं ते पहिलं ख्रिस्ती लग्न. कुळाच्या वडीलधाऱ्यानं कुळाच्या देवतांचा मान म्हणून पैसे मागितले. रक्कम किरकोळच होती. देऊन टाकली असती तर अक्षता पडून गेल्या असत्या. घरानं दिली नाही. लग्न अडलं. तक्रार बँकॉकला, सयामचा तरुण राजा चुलालोंगकॉर्न याच्यापर्यंत गेली. ऑक्टोबरमध्ये जाहीरनामा निघाला: ज्याला जो धर्म पाळायचा तो त्यानं पाळावा, कुणी आड येऊ नये.

मग ते लग्न लागलं.