उपायांची वारी

या महिन्याच्या निरूपणास आम्ही कोणा संताचे वचन घेतलेले नाही. एक प्रश्न घेतला आहे. चोपडा, यावल, शिरपूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांतून सप्ताहास जावे, काल्याचा प्रसाद घेऊन मंडळी पांगू लागावी, की एखादी माउली लेकराचा हात धरून मागे थांबलेली असतेच. लेकरू चार-पाच वर्षांचे, अंगाने धडधाकट, दिसायला गोमटे. पण हाक मारली तर वळत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, बोट करून काही दाखवीत नाही. बोललेच तर आपलेच शब्द आपल्याला परत देते. टाळांचा गजर झाला की दोन्ही कान दाबून धरते. आणि ती माउली आपल्या खान्देशी बोलीत म्हणते, "महाराज, मना पोऱ्या माले माय म्हनत नही. कोना कोना पाय धरू आते?"

हा प्रश्न वारकऱ्याने ऐकून सोडून द्यावा असा नाही. कारण तिला नवे नवे पाय दाखविणारे लोक परके नसतात, सज्जनहो. ते आपल्यातलेच, गळ्यात माळ घातलेले असतात.

लेकराच्या या अवस्थेस स्वमग्नता म्हणतात; डॉक्टर लोक ऑटिझम म्हणतात. अमेरिकेत बाल्टिमोर शहरी लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अशा ११ मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे नाव वैद्यकात रूढ झाले. लेकरे त्यापूर्वीही होतीच. गाव त्यांना वेडे, मुके किंवा देवाचे म्हणत असे, इतकेच. मेंदूची घडण जन्माआधीपासून निराळ्या वळणाने होते, त्यात अनुवंशाचा वाटा मोठा असतो, आणि ही घडण जन्मभराची असते. ताप उतरावा तशी ती उतरत नाही. मात्र मूल वाढते, शिकते. कोणी पुढे भरपूर बोलतो, कोणी कधीच बोलत नाही, कोणी नोकरी करतो, कोणाला शेवटपर्यंत हाताने भरवावे लागते. नाव एक, पण प्रत्येक लेकराची तऱ्हा वेगळी.

आईला दोष देण्याची खोड मात्र सगळ्या मुलुखात सारखी. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली ग्रंथ लिहून सांगितले की आई थंड काळजाची, म्हणून मूल आतल्या आत मिटले. वास्तविक त्याच्या तीन वर्षे आधी बर्नार्ड रिमलंड या गृहस्थांनी, जे स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते, हा आरोप पुराव्यानिशी खोडून काढला होता. खुद्द कॅनरांनी १९६९ साली आईबापांच्या सभेत उभे राहून त्यांना निर्दोष म्हटले. आपल्याकडे दोष देणारे ग्रंथ लिहीत नाहीत, ओट्यावर बसून बोलतात: ग्रहण पाळले नाही, अमक्याचा तळतळाट लागला, पूर्वजन्मीचे काही असेल. प्रारब्ध आम्हीही मानतो. पण तो शब्द आपल्या स्वतःच्या दुःखाला लावावा, म्हणजे मन थाऱ्यावर येते. दुसऱ्याच्या लेकराकडे बोट करून तो उच्चारणाऱ्याने कर्मविचार वाचलेला नाही, असेच आम्ही समजतो.

आता एका घराची हकीकत. नावगाव सांगत नाही. चोपडे तालुक्यातले माळकरी घर, पिढ्यांची पंढरीची वारी आणि दोन ठिकाणी वावर, इतके पुरे. मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा पहिला नवस आजीने बोलला. नवसाविषयी तुकोबारायांचे म्हणणे काय आहे ते आजीला तोंडपाठ होते, तरी बोलला. मग ताईत झाला. मग सातपुड्यातल्या एका भगताकडे उतारा झाला. मग कोणी सांगितले म्हणून पाच रविवार उनपदेवला नेले. अडावदजवळचे हे उष्ण झरे शरभंग ऋषींच्या कथेने पावन झालेले; त्या पाण्याने त्वचेचे विकार जातात अशी लोकांची श्रद्धा आहे. या लेकराच्या त्वचेला काहीच झाले नव्हते. त्याला ऊन पाणी आवडले, रडला नाही, हसला, एवढी कमाई. आम्ही ती कमी मानत नाही.

पुढे दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनाचे थेंब, दोन वर्षे. मग शहरातल्या कोणी सांगितले की गहू आणि दूध बंद करा. मूल मुळातच तीन-चार पदार्थांखेरीज कशाला तोंड लावीत नसे, त्यातली दूध-पोळी गेली. पोर वाळले. अशा पथ्याचा स्वमग्नतेवर खात्रीचा लाभ परीक्षणांत दिसलेला नाही. आजीला मात्र परीक्षण लागले नाही, तिने नातवाच्या बरगड्या मोजल्या आणि पोळी पुन्हा सुरू केली. अखेर मुंबईची वाट धरली. कमरेच्या हाडातून मगज काढतात, त्यातील पेशी पाठीच्या कण्यात सोडतात, मेंदू नवा होतो, असे सांगण्यात आले. एका वावराचे पैसे त्यात गेले. महिनाभर वाटले की गुण आला. पोरगा वळून पाहतो, रात्री झोपतो. मग होते तसे झाले. तेव्हा सांगण्यात आले की एका खेपेने भागत नाही.

हा "गुण" म्हणजे काय, ते जरा पाहू. शास्त्रात काकतालीय न्याय आहे: कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडते, आणि पाहणारा म्हणतो कावळ्याने फळ पाडले. लेकरू तर रोज वाढतच असते. चार दिवस बरे, चार दिवस वाईट असेही चालते. माणूस वाईट दिवसांत उपाय करतो आणि चांगल्या दिवसाचे श्रेय त्या उपायाला देतो. अमेरिकेत १९९८ च्या सुमारास सेक्रेटिन नावाच्या पचनसंस्थेतील संप्रेरकाच्या सुईचा असाच बोलबाला झाला. तेव्हा डॉक्टरांनी काही मुलांना ती सुई दिली, काहींना नुसत्या मिठाच्या पाण्याची दिली, आणि कोणाला कोणती हे आईबापांस कळू दिले नाही. १९९९ साली निकाल छापून आला. दोन्हीकडच्या मुलांत सारखाच गुण! आणि पुढची गोष्ट ऐका. हा निकाल सांगितल्यावरही बहुतेक आईबाप म्हणाले, आम्हांस ती सुई हवीच. त्यांना हसू नये. बुडता माणूस काडी धरतो. चूक काडी विकणाऱ्याची आहे. आणि काडी नेहमी निरुपद्रवी असते असेही नाही. २००५ साली त्याच देशात, अंगातील धातू काढून टाकण्याच्या नावाखाली शिरेतून औषध देताना पाच वर्षांचे एक लेकरू दगावले.

सुवर्णप्राशनाविषयी आम्हांस पुष्कळ जण विचारतात, कारण आम्ही पाठशाळेत शिकलेले. काश्यपसंहितेत सोने चाटविण्याचा विधी आहे हे खरे. मेधा, अग्नी, बल वाढते, सहा महिन्यांत मूल ऐकलेले धारण करते, अशी फलश्रुती तेथे आहे. परंतु मीमांसकांना विचारा: फलश्रुती हा पुष्कळदा अर्थवाद असतो. कर्माची गोडी लागावी म्हणून केलेली ती स्तुती, सावकाराचा करारनामा नव्हे. तीवर बोट ठेवून "अमुक महिन्यांत बोलेल" म्हणणारा वैद्य शास्त्राच्या नावाने शास्त्राबाहेर बोलतो.

सोन्याचीच एक गोष्ट परदेशातली आहे. कॅनरांच्या ११ मुलांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, जन्म १९३३, अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावचा. चौदा वर्षांचा असताना त्याचे सांधे सुजले, तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्याला सोन्याच्या क्षारांच्या सुया दिल्या. सांधे सुधारले, आणि घरच्यांना वाटले की त्याची घालमेलही ओसरली. यावरून पुढे काही लोकांनी सोन्याने स्वमग्नता गेली असा डंका पिटला. पण ट्रिपलेट २०२३ साली ८९ वर्षांचे होऊन वारले, ते अखेरपर्यंत स्वमग्नच होते. मग त्यांचे आयुष्य चांगले गेले ते कशाने? लहानपणी त्यांना घरापासून दूर एका संस्थेत ठेवले होते, तेथून आईबापांनी परत आणले. पुढे काही वर्षे एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले. मुलाला मोजण्याचा नाद. त्या शेतकऱ्याने त्याला नांगर धरू दिला आणि मक्याच्या ओळी मोजू दिल्या. नंतर ते गावच्या बँकेत नोकरीस लागले, गोल्फ खेळले, देशोदेशी हिंडले. बँक घरच्यांची होती, पैसा होता, हे विसरू नये. तरी गावाने त्यांना चेष्टेचा विषय केले नाही, ही गोष्ट पैशाने मिळत नाही.

आपल्याकडे याच्या उलट दोन टोके दिसतात. एक, भूत म्हणून मारहाण. दुसरे, अवलिया म्हणून पाया पडणे आणि आकडा विचारणे! महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात दोन्हींची दखल आहे: भूत उतरविण्याच्या निमित्ताने बांधणे-मारणे हा गुन्हा, आणि मतिमंद माणसात अलौकिक शक्ती आहे असे भासवून त्याच्यावर धंदा करणे हाही गुन्हा. कीर्तन, प्रवचन, भजन, वारी यांना त्या कायद्यात मोकळीक आहे. तेव्हा कीर्तनकारांनी हे फडावर सांगण्यास कचरू नये. काही पंडित अशा मुलाला पाहताच जडभरताचे आख्यान काढतात. आख्यान थोर आहे. पण त्यातली एक बाजू कोणी सांगत नाही. भागवतात त्या मुलाच्या बापाने वसंत आणि ग्रीष्म असे चार महिने गायत्री शिकविली, ती साधली नाही, तरी बापाची माया आटली नाही. बाप गेल्यावर भावांनी त्याला शेताच्या राखणीस बसविले आणि मिळेल ते खायला घातले. आणि त्याच शेतावरून, अपत्य व्हावे म्हणून बळी शोधणाऱ्या एका सरदाराची माणसे त्याला उचलून भद्रकालीपुढे घेऊन गेली. देवीने बळी मागणाऱ्यांनाच मारले. आमचे म्हणणे एवढेच की लेकराला जडभरत ठरवू नका. त्याच्या बापाचे आणि भावांचे वागणे तेवढे पाहा.

असो. त्या घरी पुन्हा येऊ. दुसरी खेप करावी की नाही यावरून भावाभावांत बोलणे बंद झाले. बाप आमच्यापाशी आला आणि म्हणाला, "तुम्ही हो म्हना, म्हंजे वावर इकी टाकस." आम्ही नाही म्हटले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांत रक्ताच्या ठरावीक विकारांखेरीज हा मूळपेशींचा उपाय मान्य नाही, आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ साली स्वमग्नतेसाठी तो करू नये असे स्पष्ट सांगितले. हे त्यांस वाचून दाखविले. पण त्याच्या मनाला लागले ते दुसरेच. आम्ही विचारले, "पोऱ्या चाळिशीचा होईल, तुम्ही दोघे नसाल, तेव्हा तो काय खाईल? हे वावर तुमचे नाही, त्याचे आहे." त्यावर तो बराच वेळ गप्प बसला. वावर राहिले. त्यात यंदा कांदेबाग लावली आहे.

शिकविणे हाच यात टिकणारा उपाय. जितके लवकर तितके बरे. बोलणे, खुणा, हाताची कामे शिकविणारी माणसे लागतात, आणि आईबापांनाही ते शिकून घ्यावे लागते. अंगणवाडीत व शाळेत बालकांची तपासणी करणारी सरकारी पथके २०१३ पासून आहेत, त्यांच्यामार्फत जिल्ह्याच्या ठिकाणी जाता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता नमूद आहे, म्हणून प्रमाणपत्र काढून ठेवावे. निरामय योजनेत एक लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो. त्या घरच्या माउलीने चित्रांची पाने केली आहेत. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. तहान लागली की तांब्याचे चित्र आणून तिच्या हातात देतो. मळ्यात ठिबकच्या नळीचा थेंब तास-तासभर पाहत बसतो. माय म्हणत नाही. आजी शनिवारी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते. त्याला आम्ही काही म्हणत नाही, मोहरीला वावर विकावे लागत नाही.

आपल्या खान्देशात मुक्ताईचे स्थान आहे. ज्ञानोबाराय ताटी लावून बसले तेव्हा तिने ताटी फोडली नाही. बाहेर बसून ती बोलत राहिली. येथे दृष्टान्त एकदेशीच घ्यावा, कारण त्या ताटीमागे रुसवा होता आणि लेकरू रुसलेले नसते, आणि ती ताटी उघडली तशी ही उघडेलच असेही आम्ही सांगत नाही. बाहेर बसणे तेवढे घ्यावे.

यंदाच्या सप्ताहात त्या गावच्या मंडळींनी आमच्या सांगण्यावरून मंडपाच्या मागच्या खांबापाशी एक सतरंजी वेगळी टाकली. कर्ण्याचे तोंड दुसरीकडे वळविले. काल्याच्या गर्दीत त्या घराने रांगेत उभे राहायचे नाही, प्रसाद विणेकऱ्याने तिकडे नेऊन द्यायचा, असे ठरले. मुलगा तिसऱ्या दिवशी आला, अर्धा तास बसला, आणि मृदंग थांबल्यावर कानावरचे हात काढले.