कालव्याचे दार आणि दूरचा हात

रांझीच्या आसमंतात स्थायिक झालेल्या आम्हां मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांची भाकरी खमरियाच्या व वाहनांच्या कारखान्यांनी पुरविली. शेती मागे, गावी राहिली. मापाविषयीचा आदर हा कारखान्याचा संस्कार मात्र आमच्यात मुरला आहे. नगाला गेज लावले की कारागीर आणि साहेब यांच्यातला वाद मिटतो. त्यामुळे कालव्यांच्या दारांना बिनतारी यंत्रे बसवून त्यांचे दुरून नियमन करावे, ही कल्पना कानी आली की आमचे मन सहजच तिच्याकडे झुकते. हा कौल न्यायाच्या कसोटीला उतरतो काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

कल्पना साधी आहे. कालव्यात ठिकठिकाणी पाण्याची पातळी मोजणारी उपकरणे बसवावयाची. त्यांनी ती नियंत्रणकक्षास बिनतारी मार्गाने कळवावयाची. आणि तेथून आज्ञा सुटताच मोटारीने दार हवे तेवढे वर-खाली व्हावयाचे. कृष्णेवरील नारायणपूर धरणाच्या डाव्या कालव्यावर अशी व्यवस्था उभारण्यात आली व १९ जानेवारी २०२३ रोजी तिचे लोकार्पण झाले. कलबुर्गी, यादगीर, विजयपूर या जिल्ह्यांतील सुमारे साडेचार लाख हेक्टर लाभक्षेत्राशी तिचा संबंध आहे.

कालव्यांचे जुने दुखणे सर्वांस ठाऊक आहे. माथ्याचा शेतकरी मनसोक्त पाणी घेतो. शेवटच्या चारीवरचा शेतकरी आवर्तन संपेपर्यंत कोरड्या पाटाकडे पाहत बसतो. रात्री दार कोणी उचलले, हे सकाळी कोणी सांगत नाही. यंत्र ते सांगू शकते. त्याला झोप येत नाही, भीड पडत नाही, आणि गावात त्याचे सोयरेधायरे नसतात. एवढ्यापुरते त्याचे उपकार मानलेच पाहिजेत.

परंतु पाणी किती गेले हे सांगणे निराळे आणि कोणास किती जावे हे ठरविणे निराळे. जलाशय अर्धाच भरला, तर पाणी क्षेत्राच्या प्रमाणात वाटावे की माणशी? उभा ऊस वाचवावा की गरिबाची ज्वारी? या प्रश्नांचे उत्तर कोणत्याही उपकरणात नाही. ते माणसांनीच आधी ठरवून यंत्रास सांगितलेले असते. मग पडद्यावर केवळ आकडा दिसतो, आणि त्यामागचा निर्णय जणू निसर्गनियमच असल्यासारखा भासू लागतो. धोका आहे तो येथे.

धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर चालत आलेली फडपद्धती या संदर्भात आठवते. तेथे शेतकऱ्याने स्वतः पाणी वळवावयाचे नसे. सर्वांच्या वतीने पाटकरी ते देई. अवर्षणात किती फड भिजवावयाचे, हे सारे मिळून ठरवीत. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्याने तोटाही वाटून घेतला जाई. म्हणजे दार दुसऱ्याच्या हाती असणे हा काही अन्याय नव्हे. त्या हातास बांधावर उभे करून जाब विचारता येई, यात त्या न्यायाचे मर्म होते. नियंत्रणकक्षातल्या हातास हा जाब कोठे विचारावयाचा?

दुरून केलेल्या मापाची किंमत नर्मदाकाठी आम्ही जाणतो. आमच्या शहरापासून जवळच असलेल्या बरगी धरणाचे काम १९७४ साली सुरू झाले व १९९० मध्ये पुरे झाले. बुडणाऱ्या गावांचा आधीचा अंदाज १०१ होता. प्रत्यक्षात १६२ गावे बाधित झाली. अंदाज कागदावर चुकला आणि त्याची शिक्षा मंडला, सिवनी व जबलपूर या जिल्ह्यांतील घरांस भोगावी लागली. काठावरच्या माणसास ते कागद वेळीच वाचावयास मिळाले असते, तर निदान प्रश्न तरी वेळीच उठला असता.

यावर कोणी म्हणेल, गावाच्या सभेत तरी न्याय कोठे असतो? तेथेही बागायतदाराचाच आवाज मोठा. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच आम्हांस यंत्र हवे आहे. सभेची मनमानी मापाने रोखावी. नियंत्रणकक्षाची मनमानी सभेने रोखावी. पाणीवापर संस्थांना मध्य प्रदेशाने १९९९ साली व महाराष्ट्राने २००५ साली कायद्याने मान्यता दिली. नियंत्रणकक्षात दिसणारा आकडा त्याच क्षणी या संस्थांनाही दिसावा. दार कोणाच्या आज्ञेने व कोणत्या कारणाने हलले, हे आकड्याशेजारी लिहिलेले असावे. आणि टंचाईचा वाटपनियम यंत्रात भरण्यापूर्वी शेवटच्या चारीवरील शेतकऱ्यांसमोर वाचला जावा.

आमच्या कारखान्यांत माल घडविणारा एक आणि तो तपासून पास करणारा दुसरा, अशी रीत असे. कारागीर अप्रामाणिक होता म्हणून ती पडली नाही. प्रामाणिक माणसालाही स्वतःचे काम स्वतः तपासण्याचा अधिकार असू नये, या विवेकातून ती आली. कालव्यावर दार हलविणारा आणि मोजणारा एकच झाला आहे. तपासणाऱ्याची जागा रिकामी आहे, आणि ती ज्याच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही त्याची आहे.