सांगितलेला सण आणि केलेला सण

यहुदी धर्मात कराई नावाचा एक लहानसा पंथ आहे. आठव्या शतकात इराकमध्ये आनान बेन दाविद नावाचा एक विद्वान होऊन गेला. त्याच्या मागे गेलेल्या मंडळींतून हा पंथ पुढे आकाराला आला. त्याचे म्हणणे सरळ आहे. पवित्र शास्त्रात लिहिले आहे तेवढे देवाचे, पुढे रब्बींनी तालमुदात जे जोडले ते माणसाचे. म्हणून कराई लोक हनुक्का हा दिव्यांचा सण पाळत नाहीत, कारण हिब्रू शास्त्रात तो नाही. महिना गणिताने न धरता चंद्रकोर डोळ्यांनी पाहून धरावा, असा त्यांचा दंडक. शब्बाथच्या दिवशी घरात अग्नी पेटवू नये ही आज्ञा तर त्यांनी इतकी अक्षरशः घेतली, की जुने कराई शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी लावलेला दिवाही विझवीत. रब्बींना मानणारा शेजारी दिवा आधी लावून ठेवी आणि त्या उजेडात जेवी. आज्ञा एकच; पण एक घर उजळलेले आणि दुसरे काळोखात.

दिवाळीच्या अंकात काळोखातल्या घराची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी रागावू नये. त्या घराविषयी मला आदर वाटतो. देवासाठी लाडू खाणारे पुष्कळ भेटतात. देवासाठी थंड जेवण अंधारात जेवणारे थोडे.

परंतु या मार्गात एक अडचण आहे, आणि ती शास्त्रानेच घालून ठेवली आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशी जिवाला क्लेश द्यावा असे लेवीय पुस्तक सांगते. क्लेश म्हणजे उपास, हे माणसाने ठरवले. मांडवांच्या सणाला चांगल्या झाडाचे फळ घ्यावे असे तेथेच आहे. कोणत्या झाडाचे? रब्बी म्हणाले, महाळुंग. कराई म्हणाले, हातात धरायला नव्हे, ती सामग्री मांडवासाठीच आहे. काम करू नये, हे तर वारंवार येते. पण काम कशाला म्हणावे? विहिरीचे पाणी ओढणे काम, की तहानलेल्या मुलाला ते पाजणे? आज्ञा पाळायला बसले की पहिल्या तासातच माणूस तिच्यात स्वतःची भर घालू लागतो. त्याला इलाज नाही. कराईंनाही तो सापडला नाही. त्यांनाही परंपरा मानावी लागली. तिला त्यांनी नाव दिले 'वारशाचे ओझे'. पंधराव्या शतकात तुर्कस्तानातल्या बाश्यात्सी घराण्याच्या पंडितांनी शब्बाथचा दिवा लावायला मुभा दिली, तेव्हा काही कराई घरांत उजेड आला आणि काहींनी त्या उजेडाला पाखंड ठरवले.

हे सारे मी पुस्तकांतून वाचले ते एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. मुलगा ख्रिस्ती घरातला, हुशार, बोलण्यात कधी खोटेपणा नाही. गेली काही वर्षे तो शास्त्रात सांगितलेलेच सण पाळतो: वल्हांडण, सप्ताहांचा सण, मांडवांचा सण. नाताळची तारीख शास्त्रात नाही, म्हणून नाताळला आईकडे जाणे त्याने सोडले. मला म्हणाला, "गुरुजी, देवाने सांगितले ते करावे, माणसाने जोडले ते टाकावे. यात चूक काय?" मला पटकन उत्तर सुचले नाही. त्याची आई बाजारात भेटली तेव्हा तिने वाद घातला नाही. म्हणाली, "तारीख चुकीची असेल मास्तर, पण करंज्या मी तारखेसाठी थोड्याच करते?"

माणसाच्या परंपरेवर येशूने जे बोट ठेवले, ते याच मुलाच्या तोंडी नेहमी असते. मार्काच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग मी पुन्हा वाचला. लोक आपली मालमत्ता 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेली, असे जाहीर करीत, आणि मग म्हाताऱ्या आईबापांना द्यायला काही उरले नाही म्हणत. राग आहे तो यावर. धर्माच्या नावाने केलेला नेम आईच्या ताटाच्या आड आला, यावर. नुसत्या 'माणसाच्या' असण्यावर तो नसावा. कारण योहान सांगतो की पुनःप्रतिष्ठेच्या सणाला, हिवाळ्यात, येशू यरुशलेमच्या मंदिरात होता. हा सण म्हणजेच कराईंनी टाकलेला हनुक्का. तो मोशेने सांगितलेला नव्हे. इसवी सनापूर्वी 164 च्या सुमारास मक्काबी बंधूंनी मंदिर शुद्ध केले त्याची ती आठवण. शेवटच्या भोजनात त्याने हातात घेतलेला द्राक्षारसाचा प्यालाही मोशेच्या वल्हांडणात नाही. तेथे कोकरू आहे, बेखमीर भाकरी आहे, कडू भाजी आहे. प्याला माणसांनी मांडला.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. शतकानुशतके ते इतर यहुद्यांपासून तुटलेले होते. ग्रंथ गेले, हिब्रू गेली. उरली ती शमा ही एक प्रार्थना, सुंता, आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम, ज्यामुळे गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. सणांची नावेसुद्धा मराठी झाली: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. खिरीची आज्ञा शास्त्रात कुठेच नाही. पण प्रायश्चित्ताच्या दिवसाला ते म्हणत दारफाळणीचा सण, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण. त्या दिवशी पांढरे कपडे घालायचे, उपास करायचा, कुणात मिसळायचे नाही. मूळ नाव विसरले, पुस्तक हरवले, आणि तरी दहाव्या तिथीला दार बंद झालेच. आज्ञा कुणी टिकवली, पुस्तकाने की सवयीने?

पुढे कोचीनहून शिक्षक आले, रूढी तपासल्या गेल्या, काही गळाल्या. चांगलेच झाले. पण मोकळ्या जागी आले तेही माणसांनी रचलेलेच. 1874 साली पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हगादेत, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीच्या पोथीत, बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांची चित्रे आहेत, त्या बायका भारतीय पेहरावात आहेत. द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुकांचे सरबत चालत आले ते चाललेच. त्या चित्रावर कुणी आक्षेप घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

रूढी सणाला गिळतात हे मात्र खरे, आणि त्या विद्यार्थ्याचा त्रागा अगदीच निराधार नाही. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात सणाला कोणी आनंद करायचा याची यादीच आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, परका, पोरका, विधवा. ती वाचून मी आमच्या आळीतल्या सगळ्याच धर्मांच्या सणांकडे पाहिले. रोषणाई वाढली आहे. यादीतली शेवटची तीन माणसे कुठे दिसत नाहीत. तेवढ्यापुरते शास्त्राकडे परत जायला माझी हरकत नाही. पण मग सारी यादी घ्यावी लागेल, आणि एकट्या राहणाऱ्या विधवेचे नाव त्यात आहे. त्या मुलाची आई विधवा आहे. हे मी त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण आज्ञा मोडून कसे जायचे?"

तेव्हा मी त्याच्याच शास्त्रातला राजा हिज्कीया काढला. त्याने वल्हांडण बोलावले तेच एक महिना उशिरा, कारण याजक पुरेसे शुद्ध झाले नव्हते आणि लोक जमले नव्हते. एफ्राईम, मनश्शे, जबुलून या दूरच्या वंशांतून बरेच जण आले ते नियमाप्रमाणे शुद्ध न होताच जेवायला बसले. राजाने त्यांना उठवले नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना केली, आणि देवाने ती ऐकली असे इतिहासाचे दुसरे पुस्तक सांगते. सात दिवस सण झाला. लोकांना इतका आनंद झाला की त्यांनी आपसांत ठरवून आणखी सात दिवस तो चालू ठेवला. त्या दुसऱ्या सात दिवसांची आज्ञा कुणीही दिलेली नव्हती.