पेल्यांचा आवाज

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या न्यू जर्सीहून घरी आला, तेव्हा त्याच्या सामानात चॉकलेटांच्या पिशव्यांखाली तीन तबकड्यांचा एक संच होता. "काका, हे तुमच्यासाठी," तो म्हणाला. मला काय बोलावे ते सुचेना. मी मॅट्रिक झालेला मास्तर. चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत खऱ्या, पण जॅझ संगीताशी माझा संबंध एवढाच, की त्यांतल्या एका वाह्यात पात्राला मी ते ऐकायला लावले होते! घरात तबकडी वाजवायचे यंत्रही आता उरलेले नाही. अखेर त्यानेच ते संगीत आपल्या फोनवर लावले, आणि फराळाचे ताट मध्ये ठेवून आम्ही दोघे ऐकायला बसलो.

पहिली पाच मिनिटे माझे लक्ष वादनाकडे गेलेच नाही. ते गेले पेल्यांकडे. पियानोचे सूर हलक्या पावलांनी उतरत होते आणि मागे कुठेतरी काचेवर काच आपटत होती. कोणीतरी बोलत होते. एक बाई हसली, अगदी मोकळेपणाने. फळ्यावर लिहीत असताना मागच्या बाकावर कुजबुज झाली की माझी मान आपोआप वळते, तशी ती वळली. "ही माणसे गप्प का बसत नाहीत रे?" मी विचारले.

"त्यांना ठाऊक नव्हते ना, काका," पुतण्या म्हणाला.

काय ठाऊक नव्हते ते त्याने मग सांगितले. तेव्हापासून त्याचे ते साधे वाक्य माझ्या मनात काट्यासारखे रुतून बसले आहे.

न्यूयॉर्क शहरात ग्रीनिच व्हिलेज नावाची वस्ती आहे. तिथे १९३५ साली मॅक्स गॉर्डन या गृहस्थाने 'व्हिलेज व्हॅनगार्ड' ही जागा सुरू केली. जागा कसली, तळघरच ते! जिना उतरून जायचे, आणि त्रिकोणी आकाराच्या त्या खोलीत टेबलांना खेटून बसायचे. २५ जून १९६१ रोजी, रविवारी, तिथे बिल इव्हान्स या पियानोवादकाचे त्रिकूट वाजवत होते. दोन आठवड्यांच्या मुक्कामातला तो शेवटचा दिवस. दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठका झाल्या, आणि रिव्हरसाइड कंपनीने त्या सगळ्या ध्वनिमुद्रित केल्या. दुपारच्या पहिल्याच चिजेत विजेने दगा दिला आणि मुद्रणात खंड पडला. (न्यूयॉर्कमध्येही वीज जाते, हे ऐकून माझ्यातल्या गावकऱ्याला किंचित समाधान वाटले, ते लपवत नाही.)

त्रिकुटातला दुसरा स्कॉट लाफॅरो. पुरुषभर उंचीचे, व्हायोलिनच्या घडणीचे जे वाद्य उभे धरून वाजवतात, तो डबल बास त्याच्या हाती होता. हे वाद्य त्याने अठराव्या वर्षी घेतले आणि या दिवशी तो पंचवीस वर्षांचा होता, म्हणजे अवघ्या सात वर्षांची साधना! तिसरा पॉल मोशन, तालवाद्यांवर. स्वतः इव्हान्स एकतीस वर्षांचा. तिघेही तरुणच म्हणायचे.

जॅझमध्ये बासचे काम फार करून ठरलेले असे. एकसारखी पावले टाकत राहायचे आणि वरच्याला चालू द्यायचे. लाफॅरो तसा चालत नाही. तो मध्येच थांबतो, पियानोच्या वाक्याला उत्तर देतो, कधी ते वाक्य पुरे होण्याआधीच उचलतो, कधी स्वतःच विषय काढतो आणि पियानोला मागे यायला लावतो. मला शास्त्र कळत नाही. पण एक सांगतो. आमच्या शिक्षकांच्या खोलीत बारा जण एकदम बोलतात आणि कोणीच कोणाचे ऐकत नाही. इथे तिघे एकदम बोलत होते, आणि प्रत्येक जण बाकीच्या दोघांचे ऐकत होता. ताल कोण राखतो आहे, हे पुष्कळदा कळत नाही, आणि तरी तो सुटत नाही. मोशनचे ड्रम तर असे वाजतात, की कोणी पानांवरून हात फिरवावा.

त्या रविवारनंतर अकरा दिवसांनी, ६ जुलै १९६१ रोजी, न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा गावाजवळ मोटारीच्या अपघातात लाफॅरो गेला. ते त्याचे बालपणीचे गाव.

इव्हान्सने त्यानंतर कित्येक महिने लोकांसमोर वाजवले नाही. फक्त एक काम केले. रिव्हरसाइडच्या ऑरिन कीपन्यूज यांच्याबरोबर बसून त्या पाच बैठकांतून त्याने सहा चिजा निवडल्या, आणि लाफॅरोचा हात जिथे अधिक दिसतो त्याच निवडल्या. त्याच वर्षी 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' ही तबकडी निघाली. तिचा आरंभ लाफॅरोच्या रचनेने होतो आणि शेवटही त्याच्याच रचनेने. उरलेल्यांतून १९६२ साली दुसरी तबकडी निघाली. पुतण्याने आणलेला संच पुष्कळ पुढचा, २००५ सालचा. त्यात तो सबंध दिवस जसा गेला तसा आहे, विजेच्या खंडासकट.

आता माझा प्रश्न. ती हसणारी बाई दोषी आहे काय?

प्रथम मी तिला दोषी ठरवून टाकले. मास्तराची जातच तशी. मग वाटले, तिला कळले असते तर तिने काय केले असते? पेला खाली ठेवला असता, पदर सावरावा तशी सावरून बसली असती, डोळे भरून त्या पोराकडे पाहत राहिली असती. पण तेव्हा तिने ऐकले असते ते संगीत की मरण? लाफॅरो काही मरणारा माणूस म्हणून वाजवत नव्हता. उद्या-परवा पुन्हा वाजवायचे आहे अशा भरवशाने तो वाजवत होता. 'जेड व्हिजन्स' ही त्याची शांत, संथ रचना त्या रात्री शेवटी दोनदा वाजली. ती ऐकताना मला वाटते, याला चाहूल लागली होती. खोटे आहे हे! चाहूल माझ्या कानात आहे, त्याच्या तारांत नाही. अकरा दिवसांपुढची बातमी हातात धरून ऐकणारा मी, आणि काहीच न जाणता मधूनच कान देणारी ती. त्या दुपारचे संगीत त्या दुपारचे म्हणून तिनेच ऐकले, असे म्हणावे लागेल.

या विचाराने मला बरे वाटले. फारच बरे वाटले, आणि तिथेच मी सावध झालो. कारण तिला सोडवताना मी कोणाला सोडवत होतो, ते मला ठाऊक होते.

माझा थोरला भाऊ, या पुतण्याचा बाप, पेटी वाजवीत असे. कोणाकडे रीतसर शिकलेला नव्हता. कामावरून आला, चहा झाला, की ओसरीवर बसून वाजवायचा. मी तेव्हा नवा मास्तर, सव्वीस वर्षांचा. आतल्या खोलीत वह्यांचे गठ्ठे तपासत बसायचो. "दादा, जरा हळू," असे मी कितीदा म्हटले असेन त्याची मोजदाद नाही. तो हळू वाजवायचा. २००६ साली तो गेला, सदतिसाव्या वर्षी, दोन दिवसांच्या दुखण्यात. आम्हाला ठाऊक नव्हते.

ठाऊक नव्हते! हेच वाक्य इतकी वर्षे मी स्वतःशी म्हणत आलो. पण त्या तळघरात आणखी एक माणूस होता, ज्याला काहीच ठाऊक नव्हते. पियानोवर बसलेला. अकरा दिवसांनी काय होणार याची बिल इव्हान्सला त्या हसणाऱ्या बाईइतकीच कल्पना होती. तरी लाफॅरोने तार छेडली आणि इव्हान्सने ती ऐकली नाही, असे एकही ठिकाण मला सापडत नाही. तो जागा सोडतो, वाट पाहतो, उत्तर देतो. तो शोक करत नव्हता, निरोपही देत नव्हता. समोरचा माणूस वाजवतो आहे, एवढे कारण त्याला पुरत होते. तेव्हा न कळण्याची सबब बाईला चालेल, ती तिकीट काढून आलेली परकी. मला ती चालवता येत नाही. मी घरचा होतो.

इव्हान्स १९८० साली गेला. मोशन मात्र २०११पर्यंत होता, आणि म्हातारपणी त्याच तळघरात पुन्हा पुन्हा वाजवत होता. त्याला कधी ती दुपार आठवत असेल का, असा विचार मनात येतो. पण दुसऱ्याच्या मनात शिरण्याची ही माझी कादंबरीकाराची खोड आहे, ती इथे आवरतो.

संचाच्या अगदी शेवटी काही सेकंदांचाच तुकडा आहे. रात्र संपताना वाजलेल्या चार-दोन ओळी, आणि मग काही नाही. तो संपला तेव्हा आत बायकोचा झारा कढईवर वाजत होता. पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. बाप गेला तेव्हा तो सात वर्षांचा होता.

"काका, बाबा पेटीवर काय वाजवायचे?" त्याने विचारले.

पेटी अजून माळ्यावर आहे. भात्याला एके ठिकाणी भोक होते आणि प्रत्येक दाबाला त्यातून दम लागल्यासारखा आवाज येई, तो मला आजही ऐकू येतो. मी पुतण्याला पाच-सहा पदांची नावे सांगितली. त्यांतले एकही मला खात्रीने सांगता येत नव्हते.